शेवटचा श्वास कुठल्या काउंटीत?

प्रिय ताई,

माझे धाकटे मामा १९६१ साली शिकायला अमेरिकेत गेले. पुढे कॅलिफोर्नियात स्टॉकटनला, फळं डबाबंद करणाऱ्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले. १९७४ च्या उन्हाळ्यात त्यांच्या एका पंजाबी मित्राची तार आली : हॉस्पिटलात वारले, अंत्यविधी झाला. त्यानंतर कुणाचंच पत्र नाही. थोरले मामा १९७९ मध्ये गेले, आजी १९८१ मध्ये. गावाकडच्या सव्वादोन एकरांच्या सातबाऱ्यावर धाकट्या मामांचं नाव अजून तसंच आहे. तलाठी म्हणतात, मृत्यूचा दाखला आणा, मग वारस नोंद करू. गेल्या वर्षी स्टॉकटनच्या काउंटी (म्हणजे तिकडचा जिल्हा) कार्यालयाला अर्ज पाठवला, पैसे भरले, तर ‘नोंद आढळली नाही’ असा कागद आला. मामेभाऊ म्हणतो, सात वर्षं पत्ता नसलेल्या माणसाला कोर्ट मयत धरतं, त्याच मार्गाने जाऊ. आई आता ८४ वर्षांची आहे. तिला जमिनीचं फारसं नाही. ‘त्याच्या अस्थी कुठे गेल्या तेवढं बघ’ म्हणते. काय करू?

अ. भ., मिरज

नमस्कार,

पत्रासोबत त्या कागदाचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. ते पैसे वाया गेले असं समजू नका. कॅलिफोर्नियात नोंद सापडली नाही तरी शोधाची फी परत करत नाहीत, तिच्या बदल्यात ‘सार्वजनिक नोंद नाही’ असं प्रमाणपत्र देतात. तेच हे. ते काय म्हणतंय ते मात्र नीट वाचा. या नावाने, या वर्षांत, या काउंटीत नोंद नाही, एवढंच. स्टॉकटन सॅन वाकीन काउंटीत येतं. त्या कार्यालयाने आपल्या दप्तरापुरतं उत्तर दिलं. कॅलिफोर्नियात अशा ५८ काउंट्या आहेत, आणि एका काउंटीचा कारकून शेजारच्या काउंटीच्या दप्तरात बघत नाही.

मृत्यूची नोंद माणूस राहत होता तिथे होत नाही, प्राण गेला तिथे होते. मिरजेच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. आसपासच्या तालुक्यांतून, पार कर्नाटकातून पेशंट मिरजेच्या दवाखान्यांत येतात. त्यातलं कुणी तिथे दगावलं तर दाखला मिरजेच्या पालिकेचा निघतो, त्याच्या गावच्या ग्रामपंचायतीचा नाही. अमेरिकेतही तसंच. तुमच्या तारेत ‘हॉस्पिटलात’ असा शब्द आहे आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्टॉकटनहून गंभीर पेशंटला सॅक्रामेंटोला किंवा सॅन फ्रान्सिस्कोला हलवणं सहज शक्य होतं. तसं झालं असेल तर मामांची नोंद तिकडच्या दप्तरात पडून आहे.

माझ्या चुलत सासऱ्यांच्या वेळी मी हीच चूक केली होती. ते राहायला एका काउंटीत, हॉस्पिटल खाडीपलीकडे दुसऱ्या काउंटीत. मी चार महिने पहिल्याच कार्यालयाला पत्रं लिहीत राहिले. घरचं माणूस ‘तिथे राहायचं’ हे आपल्या मनात इतकं पक्कं असतं की ते ‘तिथे गेलं’ नसेल हे सुचतच नाही.

म्हणून दुसरा अर्ज लगेच पाठवू नका. आधी घरातली ती तार काढा. आईंच्या ट्रंकेत असेलच. तारेच्या वरच्या ओळीत, मजकुराच्या आधी, ती जिथून केली त्या गावाचं नाव असतं. मित्राने हॉस्पिटलाजवळच्या तार ऑफिसातून ती केली असेल तर पन्नास वर्षं तुमच्या घरात पडून असलेल्या कागदावरच उत्तर आहे.

मग इंडेक्स. कॅलिफोर्नियातल्या १९४० ते १९९७ या काळातल्या मृत्यूंची राज्याने केलेली सूची लोकांना खुली आहे. ‘कॅलिफोर्निया डेथ इंडेक्स’ म्हणतात तिला. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट खातं उघडलं की मिरजेत बसून ती पाहता येते. एका ओळीत मयताचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थान, आईचं माहेरचं आडनाव, मृत्यूची तारीख आणि काउंटी एवढं मिळतं. ही ओळ म्हणजे दाखला नव्हे, तलाठ्यांकडे ती चालणार नाही. पण अर्ज कुठे करायचा ते ती सांगते, आणि त्यासाठी एक पैसा लागत नाही.

आता ती ओळ शोधायची कशी, इथे खरी मेहनत आहे. तुमच्या कागदाच्या फोटोत शोध घेतलेलं नाव मी मोठं करून पाहिलं. आडनावाचं स्पेलिंग तुम्ही आज घरात वापरता ते आहे. मामांनी १९६१ च्या पासपोर्टवर कुठलं लिहिलं होतं? ‘व’ ला कुणी व्ही लावतं, कुणी डब्ल्यू. ‘णीस’ मधली वेलांटी एका आयने लिहायची की दोन ईने, यावर सख्ख्या भावांत एकमत नसतं. ‘देशपांडे’ तर टाइप करणाऱ्याने दोन तुकडे करून ‘पांडे’ खाली घातलेले मी स्वतः पाहिलेत. मामांची जुनी पत्रं असतील तर पाकिटाच्या मागचा, त्यांच्याच हातचा इंग्रजी पत्ता बघा. तेच स्पेलिंग धरा. नाहीच जुळलं तर आडनाव सोडून द्या आणि नुसतं पहिलं नाव व जन्मसाल टाकून बघा. त्या काळात कॅलिफोर्नियात आपल्याकडची नावं एवढी थोडी होती की ‘विश्वनाथ’ किंवा ‘दत्तात्रय’ लगेच उठून दिसतं. जन्मस्थानाच्या रकान्यात ‘भारत’ शोधू नका. परदेशात जन्मलेल्यांना बऱ्याचदा ‘इतर देश’ अशा एकाच गठ्ठ्यात टाकलेलं असतं.

जन्मतारखेचंही तसंच. आई म्हणतील, तो आषाढातला. पण शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावून टाकलं असेल तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून, तिथून पासपोर्टवर १ जून, आणि शेवटी अमेरिकेतल्या मृत्यूच्या नोंदीवरही १ जूनच. आपल्या त्या पिढीतल्या किती माणसांचा वाढदिवस कागदोपत्री १ जूनला आहे! आईंची तारीख आणि शाळेची तारीख, दोन्ही टाकून बघा.

तरीही ओळ सापडली नाही, तर ‘सोशल सिक्युरिटी डेथ इंडेक्स’ बघा. मामा नोकरीत होते, म्हणजे त्यांना सोशल सिक्युरिटी, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी पेन्शन योजनेचा, नंबर होता. ही सूची साऱ्या देशाची आहे, १९६२ नंतरच्या मृत्यूंसाठी बऱ्यापैकी भरलेली आहे, आणि तिच्यात निदान महिना आणि साल मिळतं. ते कॅलिफोर्नियाबाहेर वारले असतील तर नियम बदलतील, कारण अमेरिकेत जन्म-मृत्यूची नोंद हा ज्या त्या राज्याचा कारभार. ओहायोत कुणाच्याही मृत्यूचा दाखला कुणीही मागू शकतो. फ्लोरिडा दाखला देतं, पण मृत्यूचं कारण ५० वर्षं झाकून ठेवतं. टेक्सासात २५ वर्षांनंतर नोंद सर्वांना खुली होते. पण हे पुढचं. आधी कॅलिफोर्निया नीट पिंजून काढा.

काउंटी कळली की तिच्या क्लार्क-रेकॉर्डरच्या, म्हणजे जुन्या नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयाकडे अर्ज करायचा. अगदी ताज्या मृत्यूंचे दाखले काउंटीच्या आरोग्य खात्याकडे असतात, पण १९७४ ची नोंद तिथे नसणार. सॅक्रामेंटोत राज्याचं कार्यालयही आहे आणि तिथे सगळ्या ५८ काउंट्यांच्या नोंदी आहेत, मात्र वेळ जास्त लागतो. गूगलवर शोधलंत तर सगळ्यात वर दाखला मिळवून देणाऱ्या खासगी कंपन्या दिसतील. त्या दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. काउंटीच्या स्वतःच्या पानावर जा आणि तिथून ते ज्या ऑनलाइन सेवेकडे पाठवतील तीच वापरा. व्हायटलचेक ही त्यातली नेहमीची, थोडी जादा फी घेते, पण क्रेडिट कार्डाने काम होतं आणि डॉलरचा ड्राफ्ट काढत बसावं लागत नाही. दाखल्याची मूळ फी साधारण पंचवीस डॉलरच्या घरात आहे. ती वाढत असते, म्हणून भरण्याआधी बघून घ्या.

अर्जात तुम्हाला विचारतील, प्रत कुठली हवी? कॅलिफोर्नियात दोन प्रकारच्या प्रती मिळतात. अधिकृत प्रत ठरावीक नातलगांनाच देतात : आई-वडील, मुलं, नातवंडं, आजी-आजोबा, सख्खी भावंडं, नवरा-बायको. भाची-पुतण्यांची नावं त्या यादीत नाहीत. माहितीपर प्रत कुणालाही मिळते. मजकूर जवळपास तोच, पण ‘ओळख सिद्ध करण्यासाठी ग्राह्य नाही’ असा ठसा आडवा मारलेला असतो.

तुम्ही नात्याने भाची, तेव्हा तुमच्या सहीने अधिकृत प्रत निघणार नाही. आईंच्या सहीने निघेल. त्या सख्ख्या बहीण आहेत आणि तो हक्क आज घरात फक्त त्यांच्याकडे आहे. त्यांचं वय बघता हे काम दिवाळीनंतर बघू म्हणून ठेवू नका. पोस्टाने अर्ज करताना त्यांचं शपथपत्र नोटरीसमोर सही केलेलं लागतं. भारतातल्या नोटरीचा शिक्का चालेल का, ते त्या काउंटीला आधी ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. नाही म्हणाले तर मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात वेळ घेऊन नोटरी करता येते. तिथे एका शिक्क्याचे ५० डॉलर घेतात. पण ८४ व्या वर्षी आईंना मिरजेहून मुंबईला न्यायचं, तर आधी खात्री हवी की सापडलेला माणूस तुमचे मामाच आहेत. म्हणून पहिल्यांदा तुमच्या नावाने माहितीपर प्रत मागवा. तिला नोटरी लागत नाही. ती हातात आली, वाचून पटलं, की मग आईंच्या सहीने अधिकृत प्रत. अधिकृत मागवाल तेव्हा दोन मागवा. एक महसूल कार्यालयात अडकून पडेल.

माहितीपर प्रत येईल तेव्हा ती घाईत वाचू नका. सासऱ्यांची आली तो दिवस मला आठवतो. जाड कागद, रंगीत किनार, आणि मधे मूळ टाइप केलेल्या पानाची छबी, एक अक्षर जरा वर उडालेलं. ‘माहिती देणार’ या चौकटीत त्यांच्या घरमालकीणबाईंचं नाव. वडिलांचं नाव : अज्ञात. आईचं नाव : अज्ञात. आणि वरच सासऱ्यांच्या पूर्ण नावात, मधोमध, त्यांच्या वडिलांचं नाव स्पष्ट टाइप केलेलं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं हे त्या बाईंना कुठून ठाऊक असणार! दाखल्यावरची घरगुती माहिती ज्याने दिली त्याला जेवढी होती तेवढीच असते. तुमच्या बाबतीत बहुधा त्या पंजाबी मित्राचं नाव आणि पत्ता त्या चौकटीत असेल. वडिलांचं नाव चुकलं असेल तर अमेरिकेतली नोंद दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका, त्यात महिने जातात. दाखल्यावरची व्यक्ती आणि सातबाऱ्यावरची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र आईंनी आणि मामेभावांनी केलं, सोबत शाळेचा दाखला आणि जुनी पत्रं जोडली, तर सहसा भागतं.

एक चौकट वाचताना मन थोडं घट्ट करा. वैवाहिक स्थिती. तेरा वर्षं माणूस तिकडे एकटा होता. तिथे ‘अविवाहित’ लिहिलेलं असेल, किंवा एखाद्या बाईचं नाव असेल. तसं निघालं तर आईंना लगेच फोनवर सांगू नका, समोर बसून सांगा. आणि मग वारसांचा सगळा हिशोब नव्याने मांडावा लागेल, कारण पत्नी आणि मुलं पहिल्या वर्गातले वारस.

मामा अविवाहित होते असं धरून आता जमिनीचं बोलते. मामेभाऊ म्हणतो तो सात वर्षांचा नियम आहे. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम १०८ होतं, नव्या साक्ष अधिनियमात १११. पण त्या कलमाने कोर्ट माणूस मयत धरतं, केव्हा वारला ते धरत नाही. तारीख ज्याला हवी त्याने ती वेगळी सिद्ध करायची. आणि तुमच्या घरात सगळं तारखेवर आहे. मामा १९७४ मध्ये गेले हे कागदाने सिद्ध झालं, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने त्यांचा हिस्सा त्यांच्या आईकडे, म्हणजे तुमच्या आजींकडे गेला. आजी १९८१ मध्ये गेल्या तेव्हा तो तुमच्या आईकडे आणि आधीच वारलेल्या थोरल्या मामांच्या मुलांकडे निम्मा-निम्मा आला. उलट मामा आजींच्या मागे वारले असं ठरलं, तर हयात बहीण पुतण्यांच्या आधी येते आणि मामेभावांच्या हाती काही लागत नाही. म्हणजे हा दाखला मामेभावाच्याच जास्त उपयोगाचा आहे. हे त्याला सांगा. कोर्टाची घाई तो आपणहून सोडेल, आणि खर्चातही हात देईल. तारखांची ही मांडणी तुमच्या वकिलांना मात्र जरूर दाखवा. जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, आणि तुमचे आजोबा कधी गेले, हे मला पत्रावरून कळत नाही.

तलाठी किंवा मंडळ अधिकारी विचारतील, परदेशी कागद खरा कशावरून? त्यासाठी अधिकृत प्रतीवर अपोस्टील, म्हणजे आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे कागद खरा असल्याची ग्वाही, करून घ्या. कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचं कार्यालय ते करून देतं. भारत २००५ पासून त्या करारात आहे, त्यामुळे अपोस्टील असलेल्या कागदावर वेगळा दूतावासाचा शिक्का लागत नाही. सोबत मराठी भाषांतर जोडा आणि त्यात महिना अक्षरी लिहा. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस लिहितात. ०६/०८/१९७४ म्हणजे ८ जून. आपल्याकडे टेबलापलीकडचा माणूस ते ६ ऑगस्ट वाचणार आणि फेरफारात तेच चढणार. हे मी होताना पाहिलंय, आणि ती एक ओळ दुरुस्त करायला त्या घराला वर्षभर खेटे घालावे लागले.

मामांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं नसेल तर सॅन फ्रान्सिस्कोच्या भारतीय वाणिज्य दूतावासालाही एक पत्र टाका. परदेशात वारलेल्या भारतीय नागरिकाची नोंद तिथे करता येते, आणि मित्राने पासपोर्ट परत करताना ती केली असण्याची शक्यता आहे.

आणि आता आईंचा प्रश्न. दाखल्याच्या खालच्या भागात अंत्यविधीची चौकट असते : दफन की दहन, कोणत्या तारखेला, आणि दफनभूमीचं किंवा दाहगृहाचं नाव. शेजारी अंत्यविधी करणाऱ्या संस्थेचं नाव. कुणासाठीही दाखला मागवला की मी ही चौकट सगळ्यात आधी वाचते. दाहगृहं आपली वही पिढ्यान्‌पिढ्या ठेवतात आणि संस्था विकली गेली तरी वह्या बहुधा नव्या मालकाकडे जातात. त्यांना छोटं पत्र लिहा. दहनाची तारीख द्या, मामांचं दाखल्यावरचं स्पेलिंग द्या, आणि एवढंच विचारा : अस्थी कुणी नेल्या, नेल्या नसतील तर कुठे ठेवल्या किंवा पुरल्या. न नेलेल्या अस्थी बऱ्याच ठिकाणी एकत्र पुरून जागेची नोंद ठेवतात. ‘बहीण ८४ वर्षांची आहे आणि तिला जाणून घ्यायचंय’ हे वाक्य पत्रात जरूर घाला. माझा अनुभव असा की अशा पत्राला तिथली माणसं वह्या उघडून उत्तर देतात.

स्टॉकटनला १९१२ सालचा गुरुद्वारा आहे, अमेरिकेतला पहिला. त्या काळात सगळ्या धर्मांचे भारतीय तिथे जमायचे. मित्र पंजाबी होता, तर मामांसाठी तिथे अरदास, म्हणजे शिखांची प्रार्थना, झालेली असू शकते. गुरुद्वाऱ्याच्या कार्यालयालाही एक पत्र टाका. स्टॉकटनच्या सार्वजनिक ग्रंथालयालाही १९७४ च्या उन्हाळ्यातली स्थानिक वर्तमानपत्रातली निधनवार्ता शोधून द्यायची विनंती करा.

तारेची वरची ओळ आणि इंडेक्समधली ओळ, दोन्हींचे फोटो मला पाठवा. काउंटी कळली की तिथल्या अर्जात आईंनी सही कुठे करायची त्यावर खूण करून मी तो तुम्हाला परत पाठवते.